हरकतीवरची सही

१६ ऑगस्ट

प्रिय नेल्स,

तुझा गुडघा आता कसा आहे? इथे मका डोक्याच्या वर गेलाय. बाबांच्या झाडाला यंदा भरपूर सफरचंदं लागली. आईच्या पद्धतीने जॅम केला, पातळ झाला.

उद्या जत्रेत मी गव्हर्नरपदासाठी उभी राहत असल्याचं जाहीर करणार आहे. पक्षाचे अध्यक्ष बर्डेट म्हणाले, "सात वर्षं राज्याची ॲटर्नी जनरल, आणि एक गुन्हेगार सुटू दिला नाहीस! आणखी काय हवं पोस्टरवर?" सगळे हसले. मीही.

डेल हस्किन्स जूनमध्ये तुरुंगातच वारला, हे मी वर्तमानपत्रात वाचलं. तू कळवलं नाहीस. का कळवशील? कोठार जाळल्याच्या आरोपाखाली एकोणीस वर्षं, आणि अंत्यविधीला त्याची आई आणि त्याचा वकील, म्हणजे तू. दोघंच होतात म्हणे.

गेल्या वर्षी तू फोनवर ओरडला होतास, "लोर्ना, साक्षीदार स्वतः सांगतोय की तो खोटं बोलला! फेरसुनावणीचा अर्ज दोन दिवस उशिरा गेला, चूक माझी. तू फक्त मुदतीवरून हरकत घेऊ नकोस. आयुष्यात एकदा तरी गप्प बस!"

माझ्या कार्यालयाकडून हरकत दाखल झाली. अर्ज न ऐकताच फेटाळला गेला. मी तुला सांगितलं, माझ्या नावाने शेकडो कागद जातात, सही शिक्क्याची असते, हा माझ्यापुढे आलाच नाही. तू मला निष्काळजी ठरवून बोलणं सोडलंस. तेवढं मला चालून गेलं.

नेल्स, तो कागद आला होता. माझ्या सहायक ॲग्नेसने तो वेगळा आणून ठेवला. "मॅडम, मुदतीचा मुद्दा सोडून देऊ या का? माणूस निर्दोष दिसतोय." साक्षीदाराचा नवा जबाब मी दोनदा वाचला. मला तो खरा वाटला.

'कायदा सगळ्यांना सारखा,' असं मी त्या दिवशी डायरीत लिहिलं. आज ते पान काढलं. त्याच्याच खाली उमेदवारीसाठी बर्डेटना भेटायची वेळ लिहिली आहे.

हे पत्र आधी डेलच्या आईला दाखव. मग न्यायालयात दे, वर्तमानपत्रात दे. माफी मागत नाही. मागितली तर तू माफ करशील, लहानपणापासून करत आलास.

सकाळी मंचावर चढण्याआधी हे टपालपेटीत टाकते. नंतर टाकेन याची मला खात्री नाही.

हरकतीवरची सही मी पेनाने केली होती. हीसुद्धा.

तुझी बहीण,
लोर्ना