मी चुकले, याचा साक्षीदार

मी, वत्सला, कै. कृष्णराव यांची पत्नी, वय एकाहत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार कुंभकोणम्, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. बुद्धी ठिकाणावर आहे. आज अकरा वाजता माझा धाकटा भाऊ गोपालकृष्ण बावीस वर्षांनी या घरात येणार आहे आणि मला खुर्चीत स्वस्थ बसवत नाही. माझ्या वकील अनुषा म्हणाल्या, हे लिहायला हरकत नाही. तमिळ तर्जुमा त्याच जोडणार आहेत. मूळ कागद मराठीत, कारण आमची घरची भाषा ती, आणि भावाशी भांडणही मराठीतच झाले होते.

कलम १. महामहम् तलावाजवळचे राहते घर आणि चोळपुरम्च्या शेतातला माझा हिस्सा माझी मुलगी नंदिता हिला. घर विकायचे असेल तर विकावे. फक्त घेणाऱ्याला मागच्या दारचे कढीपत्त्याचे रोप दाखवून द्यावे. लोक तण समजून उपटतात.

कलम २. बँकेतली ठेव धनलक्ष्मीला. ती एकोणीस वर्षे पट्टीश्वरम्हून पहिल्या बसने येते, स्वयंपाक करते आणि माझे गुडघे चालते ठेवते. नंदिता, तू रागावणार नाहीस हे मला माहीत आहे. रागावलीस तर दोन दिवस रागाव, मग तिला फोन कर.

कलम ३. शेजारी गुरुमूर्ति यांना माझी वेताची आरामखुर्ची. २००३ साली शाळेच्या मैदानावर इराकच्या युद्धाच्या बाजूने केलेल्या माझ्या भाषणाला पहिली टाळी त्यांनी वाजवली, आणि वर्षभराने ते भाषण खोटे ठरल्यावर "मी तेव्हाच म्हणालो होतो" असे गल्लीभर सांगत फिरले. खुर्चीत टेकून त्यांनी आपण नक्की काय म्हणालो होतो ते सावकाश आठवावे.

कलम ४. कात्रणांची जाड वही मी जिथे शिकवले त्या शाळेच्या वादविवाद मंडळाला. त्या वर्षी जग एकच गोष्ट बोलत होते: इराकने विषारी वायू आणि रोगजंतू लपवले आहेत, लाखो माणसे मरतील, म्हणून आधी आपणच युद्ध करावे. मी रोज सकाळी कात्री घेऊन बसत असे. वहीच्या पहिल्या पानावर एका ट्रकचे चित्र आहे. त्या ट्रकमध्ये म्हणे जंतू तयार होत. शेवटच्या पानावर चार ओळींची बातमी आहे, काहीच मिळाले नसल्याची. ती आतल्या पानावर, पितळी भांड्यांच्या जाहिरातीखाली छापून आली होती. अट एवढीच, की ही दोन्ही पाने मुलींनी एकाच दिवशी वाचावीत.

कॉन्व्हेंटमध्ये नववीला आमच्या सिस्टरनी शिकवले होते, की युद्धाला न्याय्य म्हणण्याआधी तीन प्रश्न विचारायचे. अपराध सिद्ध झाला का? बाकीचे सगळे उपाय करून झाले का? निरपराध माणसे वाचतील का? मी ते तिन्ही प्रश्न चारशे मुलींपुढे खणखणीत आवाजात म्हटले, आणि पहिल्याचे उत्तर म्हणून वर्तमानपत्र उंच धरले. पुढचे दोन प्रश्न टाळ्यांत बुडाले. मला त्या टाळ्या फार आवडल्या होत्या, हेही लिहून ठेवते.

कलम ५. गोपालकृष्ण. याचे नाव लिहितानाच हसू येते आहे. लहानपणी तो माझ्या दप्तरात बसून शाळेत यायचा हट्ट करायचा. तेविसाव्या वर्षी तो इराकला गेला आणि नऊ वर्षे तिथल्या शीतगृहांची यंत्रे दुरुस्त करत राहिला. त्या शीतगृहांत लहान मुलांच्या लसी ठेवत. माझ्या भाषणाच्या आदल्या दिवशी, रविवारी, तो आमच्याकडे जेवायला होता. ट्रकचे चित्र जवळ ओढून म्हणाला, "अक्का, हे कोणीतरी बसून काढलंय. फोटो कुठे आहे?"

मी म्हणाले, असली माणसे फोटो काढू देत नसतात.

"मग चाकं कोणी मोजली?"

पंगतीतले सगळे हसले, माझे यजमानसुद्धा. मला वर्गात कधी कोणी हसले नव्हते. मी म्हणाले, "नऊ वर्षं त्यांचं मीठ खाल्लंस. तू असंच बोलणार." तो ताकभाताआधीच पानावरून उठला. दुसऱ्या दिवशी मी ते भाषण केले. खरे तर त्याच्यासाठीच केले.

मार्चमध्ये युद्ध सुरू झाले. त्यात त्याच्या ओळखीचे एक कुटुंब गेले. हे त्याच्या बायकोने, विजयलक्ष्मीने, मला फोनवर सांगितले. मी "अरेरे" म्हणाले आणि तपासायचे पेपर पुढे ओढले. तेव्हापासून लग्नाकार्यात तो माझ्याशी तमिळमध्ये बोलतो, बँकेच्या मॅनेजरशी बोलावे तसे अदबीने. मीही तमिळमध्येच उत्तर देते. तो तिरुवलंचुळीला राहतो. इथून बसने वीस मिनिटे.

या कागदाच्या पहिल्या मसुद्यात चोळपुरम्चे शेत त्याला होते, आणि साक्षीदार म्हणूनही तोच. अनुषा म्हणाल्या, जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. एक काहीतरी निवडा. कॉफी गाळून होईपर्यंत माझे ठरले. शेताबरोबर माफी पाठवली असती तर ती मी गेल्यावर उघडली गेली असती, आणि तो काय म्हणाला ते मला कधीच कळले नसते. म्हणून त्याला या कागदातून काहीही नाही. मंगळवारी मी फोन केला. मराठीत म्हणाले, "गोपाळ, मृत्युपत्राला साक्षीदार हवाय."

तोही मराठीतच म्हणाला, "कशाचा साक्षीदार?"

"मी चुकले याचा."

"ते अख्ख्या कुंभकोणम्ला माहीत आहे. तुला कधी कळलं?"

"दुसऱ्याच वर्षी."

"शुक्रवारी येतो. अकराला."

कलम ६. मी जाहीर करते, की ज्या शस्त्रांच्या नावाने मी ते युद्ध न्याय्य ठरवले, ती नव्हती. माझ्या पंगतीत तो देश पाहिलेला एक माणूस बसला होता, आणि मी त्याला एकही प्रश्न विचारला नाही. ते भाषण मी परत घेते. ज्या मुलींनी ते ऐकले त्या आता पस्तिशीच्या आत-बाहेर असतील. भेटतील त्यांना नंदिताने हे सांगावे.

अकरा वाजून दहा मिनिटे. साक्षीदार आला आहे. पुढचे त्याच्यादेखत लिहीत आहे. टक्कल पडले आहे, पण चालतो अजून तसाच, डावा खांदा पुढे काढून. अनुषा त्याला म्हणाल्या, साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही. मी म्हणाले, याने वाचलाच पाहिजे. पहिली दोन पाने त्याने उभ्यानेच वाचली. गुरुमूर्तींच्या खुर्चीच्या कलमापाशी मोठ्याने हसला आणि बसला. सहाव्या कलमापाशी चष्मा पुसला. मला वाटले, झाले, आता सही करतो. पण त्याने पान मागे उलटले आणि पाचव्या कलमावर बोट ठेवले.

"ओळखीचं एक कुटुंब. अक्का, चारशे मुलींची हजेरी तुला तोंडपाठ होती. यांना नावं नाहीत?"

मी म्हणाले, मी कधी विचारलीच नाहीत.

"आता विचार."

मी विचारली. मला लिहिता यावीत म्हणून तो सावकाश सांगत गेला.

कलम ७. हाशिम, शीतगृहातला मुकादम, ज्याच्या घरी माझा भाऊ नऊ वर्षे दर शुक्रवारी जेवला. त्याची बायको समीरा. त्यांची मुलगी रीम, वय सोळा, जिला माझ्या भावाने पाळण्यात पाहिले होते. त्यांच्या घरात कोणतेही शस्त्र नव्हते.

ठिकाण: कुंभकोणम्
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

लिहून देणार: वत्सला

साक्षीदार: अनुषा, वकील, कुंभकोणम्. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार: गोपालकृष्ण, तिरुवलंचुळी. माझ्या अक्काने वरील सही माझ्यादेखत केली. ती आज पूर्ण शुद्धीत आहे.