पवनचक्कीचे सात फोटो

राजापेठ, अमरावती
१२ जानेवारी २०२५

तीर्थरूप आईस,
मंजुषाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला धड ऐकू येत नाही, म्हणून पत्र. आम्ही कोकणातून कालच परतलो. समुद्राकाठी एका हॉटेलवाल्याने पवनचक्की उभारली आहे, पाती लाल, पिवळी, निळी, पोळ्याच्या बैलासारखी नटवलेली. तुझे जावई जीवनराव ऐटीत तिच्यापुढे उभे राहिले आणि वाऱ्यात टोपी घालवून बसले. सातही फोटो मीच काढले, छापून सोबत पाठवते.

बाबांना नमस्कार. माया आहे तशीच ठेव.
तुझी मंजुषा

अकोला
१८ जानेवारी

चि. मंजुषा हिस अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाले. शेजारच्या लीलाबाईंनी पाहिले आणि विचारलं, की जावई एकटाच गेलता काय, पोरगी कुठं हाय. मग मीही नीट पाहिलं. लग्नात नवरदेवाच्या पुढे घुसून फोटो काढून घेणारी तू, आणि इथे तुझं बोटही नाही. जीवनरावांशी भांडलीस का? तुझ्या गेल्या वर्षीच्या दुखण्यापासून माझं मन आधी वाईटाकडेच धावतं. खरं ते लिही.

काळजीने लिहिलं आहे, राग मानू नकोस.
तुझी आई

राजापेठ
२३ जानेवारी

तीर्थरूप आईस,
शि. सा. न. वि. वि.

भांडण नाही. मला दिवस गेले आहेत, तिसरा महिना अजून पुरा व्हायचा आहे. मागच्या वेळी बाळ गेलं तेव्हा दवाखान्यात तू म्हणालीस, की पोटुशी असून फोटो काढत फिरली, नजर लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फोटोचा काही संबंध नाही. मला पटतंही. पण जीवनने मोबाईल वर धरला की माझे पाय मागे सरतात. मला त्या चक्कीसमोर उभं राहायचं होतं गं.

एवढ्यात कोणाला सांगू नकोस.
मंजुषा

अकोला
२८ जानेवारी

चि. मंजुषा हिस पोटभर आशीर्वाद.

पत्र वाचताना तव्यावरची भाकर करपली. दवाखान्यातलं माझं बोलणं मी विसरूनही गेले होते, आणि तू ते वर्षभर उराशी धरून बसलीस. दुःख आवरेना, कोणाला तरी बोल लावायचा होता, समोर तू होतीस. आईने लेकीची माफी मागायची आपल्याकडे रीत नाही. मी मागते.

शनिवारी येते. तुझे बाबा विचारतीलच, काहून चालली म्हणून. त्यांना सांगेन, लेकीची आठवण आली. आपण दोघी तुमच्याकडच्या स्टुडिओत जाऊन फोटो काढू. मी तुझ्या पुढे उभी राहीन. नजर लागायचीच असेल, तर आधी मला लागू दे.

तोवर जड काही उचलू नकोस.
तुझी आई