बाकल्याला थंडी हवी

२ नोव्हें., रवि.
प्रज्ञानं मैत्रिणीबरोबर इंग्लंडहून बी धाडलं. ब्रॉड बीन. हिंदीत बाकला म्हणे. आपल्या वालाचा थोरला भाऊ, चिंचोक्याहून मोठं बी. तिकडे हिवाळ्याच्या तोंडावर लावतात, थंडी खात राहतं, मग शेंगा. तिनं तिच्या अंगणात लावलं, मी इथं अंबरपेठेत, गच्चीवर. "पप्पा, बघू कुणाचं आधी येतं." लेकीनं माझ्याशी पैज लावली! सु. गेल्यापासून रविवारचा फोन म्हणजे जेवलात का, गोळी घेतली का, संपलं. मायलेकी तासन्‌तास काय बोलायच्या कोण जाणे.

१६ नोव्हें., रवि.
उगवलं. फोनवर दाखवलं. प्रज्ञा खळखळून हसली. तिचं अजून मातीतच. मग माती, गोगलगायी, तिचं ऑफिस, बरंच बोलली. ऑफिसचं तर मी विचारलंही नव्हतं.

७ डिसें., रवि.
थंडीचा पत्ता नाही. प्रज्ञा म्हणते फुलाला गारवा लागतो, तापलं की गळतं. खालचे भाडेकरू सलीमभाई मंकी कॅप घालून वर आले. "क्या अंकल, ठंड कैकू माँग रै? हम इधर मर रै!" याला थंडी म्हणतात हे लोक! आमच्या नांदेडला शेकोटीशिवाय संध्याकाळ जायची नाही.

२८ डिसें., रवि.
फुलं! पांढरी, मधे काळा ठिपका, तीट लावल्यासारखा. प्रज्ञाचं पावसात कुजलं सगळं. "आता तुमच्यावरच आहे, पप्पा." बघच तू, म्हटलं. फोन ठेवल्यावर सुचलं, शेंग नाही धरली तर रविवारी बोलायचं काय?

५ जाने.
दुपारी शर्ट भिजतोय. हा काय हिवाळा? ओलं गोणपाट बांधून सावली केली, फ्रिजचं पाणी घातलं. वेडेपणा, पण... सलीमभाई बोलवायला आले, "नामपल्लीकू चलो, नुमाइश देखेंगे." दर जानेवारीतलं मोठं प्रदर्शन ते. नक्को म्हटलं. ते गेल्यावर वाटलं, जायला हवं होतं. घर खायला उठतं.

११ जाने., रवि.
फुलं गळताहेत. प्रज्ञाला ठीक आहे म्हटलं. फोटो मागितला. नेट नाही म्हटलं. फोन लवकर संपला.

१८ जाने., रवि.
सगळी गळाली. औषधाला शेंग नाही. गच्चीवर बसून रडलो. फोन वाजला, घेतला नाही. काय सांगू तिला?

२० जाने.
सु. हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडून भाजी करायची. याचेही शेंडे कोवळेच आहेत. खुडले, फोडणीला टाकले. मग काय वाटलं कुणास ठाऊक, आपणहून फोन लावला. असा पहिल्यांदाच. ती ऑफिसला निघालेली.
"पप्पा! बरे आहात ना?"
"शेंगा नाही धरल्या गं. ठीक आहे म्हटलं ते खोटं."
मग, "आता काय करताय?"
"शेंड्यांची भाजी. आई करायची तशी. कूट कधी घालायची ती? आधी का शेवटी?"
"मला कुठं माहीत? मला वाटलं तुम्हाला..."
दोघांनाही माहीत नाही. आता विचारायचं कुणाला?
ती म्हणाली, "घाला कधीही. चव सांगा फक्त."
म्हटलं, अजून गॅसवरच आहे, वेळ लागेल, तुझी बस चुकेल.
थांबते म्हणाली.