ओळ सातची मोहरी

४ मार्च, मंगळवार
१. साडेनऊला तपासनीस म्हणून रुजू झाले.
२. प्रयोगशाळेच्या वरचीच खोली मिळाली. खिडकीखाली काचेचं हरितगृह, त्यात पिवळी फुलं. बघून बरं वाटलं.
३. अंगठ्याची नोंद झाली. आता सगळी दारं माझ्या अंगठ्याने उघडतात.
४. त्याच अंगठ्यावरच्या तेलाचा आलेख काढून फाइलला लावला.

चौथ्या गोष्टीचं हसू आलं, पण कारण रास्त आहे. इथे मोहरीच्या जनुकांत फेरफार करून तिच्या तेलाची घडण बदलतात. दाणा सुईने दुभागायचा. एक अर्धं यंत्रात, कोंबाचं अर्धं कुंडीत. उघडं बोट लागलं तर कातडीचं तेल नमुन्यात उतरतं आणि आलेखावर एक जादा शिखर उगवतं. त्याची उंची माणसागणिक वेगळी. प्रयोगशाळेचे प्रमुख, सर, म्हणाले, चोर पकडायला बरं पडतं. माझं शिखर एकवीस टक्के.

७ मार्च, शुक्रवार
एका फेरफाराच्या झाडांना इथे ओळ म्हणतात. ओळ सातच्या वीसही दाण्यांत कातडीचं शिखर आलं, चौदा टक्के. सरांनी विचारलं, पहिल्याच आठवड्यात बोटं घातलीस का? हातमोजे, सुई, बाटल्या, सगळं बदललं. तरी चौदा. फाइल चाळली. चौदा टक्के माझ्याआधीच्या मुलीचे. ती ऑगस्टमध्ये गेली, ही झाडं डिसेंबरात लावलेली.

१२ मार्च, बुधवार
पाणी घालणाऱ्या मावशींना तिच्याबद्दल विचारलं. म्हणाल्या, पोरगी गुणी, पण शेवटी हात असे कोरडे पडले की जसा कागद. तेव्हाची ओळ सात बिघडली म्हणून सरांनी जाळून टाकली. त्या दिवसापासून ती दिसली नाही. चपला महिनाभर दारातच होत्या. सर म्हणतात नोकरी सोडली. अनवाणी कोण नोकरी सोडतं गं बाई?
आताची झाडं त्याच ओळीच्या, फ्रिजमध्ये उरलेल्या मूठभर दाण्यांची.

१७ मार्च, सोमवार
आज खुडलेल्या शेंगांतल्या दाण्यांचं शिखर चौदा नाही, सतरा.
शंका नको म्हणून स्वतःचा अंगठा पुन्हा तपासला. नऊ. तीनदा केलं. नऊ, नऊ, आठ. हवा कोरडी आहे, साबण बदललाय. असू शकतं.

२० मार्च, गुरुवार
दाराला अंगठा लागला नाही. मावशींनी उघडलं. माझे हात हातात घेऊन बघितले आणि म्हणाल्या, आजच्या आज आईकडे जा. सर म्हणाले, क्रीम लाव.
काचेवर तळवा दाबला. ठसा उमटला नाही.

२२ मार्च, शनिवार
बॅग घेऊन निघाले. फाटकापुढे शंभर पावलं गेले असेन, जीभ टाळूला चिकटली, डोळ्यांपुढे अंधारी. मागे फिरले तशी बरी झाले. हरितगृहाशी आले तेव्हा तर अगदी ठणठणीत.
आईला फोनवर म्हटलं, काम आहे, नंतर येते.

२४ मार्च, सोमवार
दाणे एकवीस. अंगठा शून्य.
दुपारी वर खोलीत होते. एकदम डाव्या दंडात कळ. खिडकीतून पाहिलं, खाली मावशी पिवळी पानं खुडत होत्या. ओरडले. त्यांनी वर बघितलं, हातातलं पान टाकलं.
खाली जाऊन विचारलं, कुठल्या ओळीचं. त्यांना आकडे वाचता येत नाहीत. बोटाने कुंडी दाखवली. पाटीवर सात.

२५ मार्च
सरांनी कागद पुढे केला. ओळ सात पुन्हा बिघडली, शनिवारी जाळायची, तपासनिसाची सही हवी. म्हटलं, उद्या करते. म्हणाले, आधीचीही असाच वेळ काढायची.
तिने सही केली होती का? विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

२६ मार्च, बुधवार
मावशी आल्या नाहीत. कुंड्या सुकताहेत. ओठ फुटले. पाणी पिऊन उपयोग नाही, दोन तांबे प्यायले तरी — कुंड्यांना घातलं तेव्हा कुठे ओठ ओले झाले.
आता लिहिता येतंय. सरांच्या टेबलावर ठेवायची चिठ्ठी:

सर, मी सही करणार नाही. ओळ सातमध्ये दोनशे चाळीस झाडं आहेत. मोजून लिहिते आहे. दाणे आणि माझा अंगठा, दोन्ही आलेख सोबत जोडले आहेत, शेजारी ठेवून बघा. ओळ जाळणार की ठेवणार, ते कृपया शुक्रवार, अठ्ठावीस तारखेपर्यंत लेखी कळवावं. जाळायचंच ठरलं असेल तर त्याआधी मला एकदा आईला इथे बोलावून घेऊ द्या.