मागचं दार असलेलं घर

४ फेब्रुवारी

आज पहिलं घर बघितलं. तळमजला, रस्त्याला लागून, पुढच्या खोलीला भिंतभर खिडकी. एजंटने पडदा सरकवला. "मॅडम, उजेड बघा! दिवसा दिवा लावायला नको."

मी उजेड नाही बघितला. बाहेर जाऊन रस्त्यावर उभी राहिले आणि आतलं काय काय दिसतं ते बघितलं. सगळं दिसतं. कोपऱ्यात उभा असलेला एजंटसुद्धा दिसत होता.

"नको" म्हटलं. कारण विचारलं तेव्हा धूळ फार येईल असं काहीतरी बोलले. लेक मात्र खूश होती. खिडकीच्या कठड्यावर चढून बसली. उगाच नाही आम्ही तिला खारूताई म्हणत.

९ फेब्रुवारी

दुसरं घर तिसऱ्या मजल्यावर. एकच जिना, तोही अरुंद – समोरून कोणी आलं तर भिंतीला चिकटावं लागतं. चढतानाच नाही म्हणून टाकलं. तो जिन्यात येऊन उभा राहिला तर मी जाणार कुठून?

घरी आल्यावर ताई म्हणाली, "तू घर शोधतेयस की पळवाट?" हसत म्हणाली. मग तिनेच जीभ चावली.

वर्ष होऊन गेलं तिच्या हॉलमध्ये गादी घालून. भावोजी एका शब्दाने बोलत नाहीत. पण स्वतःच्याच हॉलमध्ये यायच्या आधी आता खोकतात. त्या खोकल्याने मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

१० फेब्रुवारी

तो कोर्टाच्या आवारात जे बोलला ते लिहून टाकते. लिहिलं की डोक्यातून जातं म्हणे.

घटस्फोटाच्या सह्या झाल्या होत्या. वकीलबाई पुढे गेल्या होत्या. तो शेजारी आला आणि अगदी हळू, लाडाने बोलावं तसा म्हणाला, "कुठंही जा. सापडशीलच."

लिहिलं. गेलं नाही.

१७ फेब्रुवारी

घर ठरलं – बहुतेक.

गल्लीच्या टोकाला, बैठं, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. छत गळकं. भिंती काजळीने काळ्या. न्हाणीघराच्या फरशा उखडलेल्या. एजंट दाखवायलाच तयार नव्हता, मला तोंडघशी पाडू नका म्हणत होता. मी सरळ मागे गेले. स्वयंपाकघरात एक दार होतं, गंजून बसलेलं. खांदा लावून ढकललं. पलीकडे दुसरीच गल्ली! समोर शिवणाचं दुकान, आत चार-पाच बायका मशिनवर. हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या जवळ.

"हे बुजवून टाका," एजंट म्हणाला. "इथे कपाट मस्त बसेल."

"घेते मी हे घर," म्हटलं.



२ मार्च

ताबा मिळाला. दिवसभर किल्ली चाचपत होते. मी कामाला आहे त्या चष्म्याच्या दुकानात काचा घासताना एक फोडली. मालक रागावले नाहीत, उलट पेढे कुठे म्हणाले.

११ मार्च

मिस्त्रींशी पहिला वाद. ते म्हणतात आधी छत. मी म्हणते आधी न्हाणीघराच्या दाराला आतून कडी.

"बाई, डोक्यावर आभाळ आहे आणि कडी कसली लावताय?"

त्यांचं बरोबरच आहे. त्यांना काय सांगू? त्या घरातली न्हाणीघराची कडी त्याने पहिल्याच वर्षी काढून टाकली होती. नवरा-बायकोत कसली कडी, म्हणाला होता. मग मी दाराला भरलेली बादली टेकवून आंघोळ करायची. बादली त्याला काय अडवणार? पण ती फरशीवर सरकली की आवाज व्हायचा. तेवढं आधी कळायचं.

 माझ्या तोंडावर काहीतरी दिसलं असावं, कारण मिस्त्रींनी मुकाट्याने ड्रिल उचललं.

ते गेल्यावर आत गेले आणि कडी लावून बघितली. वर छताला भगदाड, त्यातून एक पक्षी जाताना दिसला. कडी लावून उभी राहिले आणि उभ्या उभ्याच रडले.

२० मार्च

छत झालं. भिंती खरवडून झाल्या. रंग खारूताईने निवडला – पोपटी. मिस्त्री म्हणाले, "ही भिंत बघून पोपट लाजेल." ती पोट धरून हसली. असं हसताना तिला कधी बघितलं होतं?

आज दिवसभर भीती आठवली नाही. घरी जाताना हे लक्षात आलं आणि लगेच आठवली.

२६ मार्च

मिस्त्रींनी आज सहज सांगितलं. "एक म्हाताऱ्या बाई येतात. पांढरे केस, जांभळी पिशवी, एवढ्या उन्हात अंगभर शाल. समोरच्या पायरीवर बसतात, घराकडे बघतात आणि जातात. कोण पाहिजे म्हटलं तर नुसती मान हलवतात. तुमच्या कोणी का?"

"नाही," म्हटलं.

त्याची आई. जांभळी पिशवी मीच शिवून दिली होती.

 सिमेंटच्या गोणीवर बसले. त्यानेच पाठवलं असणार. स्वतः आला तर मी पोलिसात जाईन, हे त्याला कळतं. आईला कोण अडवणार?

तो मारायचा तेव्हा सासूबाई शेजारच्या खोलीत असायच्या. रेडिओ मोठा करायच्या. मार विसरले मी थोडाफार. रेडिओ नाही.

२७ मार्च

आजही येऊन गेल्या.

२९ मार्च

एजंटला फोन केला. म्हटलं, घर विकायचंय.

"मॅडम, रंग तरी वाळू द्या."

ताईने फोन माझ्या हातातून घेऊन बंद केला. "किती घरं बदलशील? तो आलाही नाही आणि तू निघालीस."

"तुला काय जातंय बोलायला?" मी म्हटलं. मग दोघींचा आवाज चढला. कधी नव्हे ते तिला नको नको ते बोलले. भानावर आले तर खारूताई दिसेना. टेबलाखाली होती, कान झाकून. त्या घरात असताना बसायची तशीच.

आज तिला माझ्यामुळे तिथे बसावं लागलं.

तिला बाहेर काढून जवळ घेतलं आणि मनाशी ठरवलं. उद्या कामावर जायचं नाही. नव्या घरी थांबायचं. येऊ देत म्हातारीला. जे काय आहे ते तोंडावर सांगायचं. पळायचं नाही.



३० मार्च

आल्या. मी दार उघडून सरळ रस्ता ओलांडला. बोलायचं सगळं पाठ करून ठेवलं होतं.

मला बघून त्या घाईने उठल्या. शाल घसरली. उजवा हात गळ्यात बांधलेला. डोळ्याखाली हिरवट-पिवळं. तो रंग किती जुना झाला की असा दिसतो, ते मला कोणी सांगायला नको.

"त्याला नाही ठाऊक मी इथे येते ते," त्या म्हणाल्या. "तुझ्या दुकानापासून एकदा तुझ्या मागे मागे आले. हाक मारायला तोंड नव्हतं."

माझी नजर त्यांच्या बांधलेल्या हातावर.

"तू गेलीस. मग घरात मीच उरले गं."

नव्या घरात बसायला अजून काही नाही. मिस्त्रींची ताडपत्री झटकून अंथरली.

"बसा," म्हटलं.