तिन्हीसांजेला बोललेले इंग्रजी

कल्याण, कार्तिक वद्य पंचमी, शके १८०७

तीर्थरूप बाबांच्या पायांवर वासुदेव डोके ठेवतो.

इकडे मी खुशाल आहे. मामींच्या हातचे जेवण अंगी लागते आहे. इंग्रजीही जमू लागले आहे.

आमची शिकवणी मामांच्याच पडवीत भरते. गुरुवारी मास्तरांनी ‘इफ’ची वाक्ये घेतली. म्हणजे पुढे अमुक झाले, तर मी तमुक करीन. मला उठवले तेव्हा घाईत तोंडून निघून गेले, ‘माझे वडील आजारी पडले, तर मी रजा मागेन.’ मास्तर म्हणाले, ‘शाबास!’ आणि तेवढ्यात मामी दिवा घेऊन बाहेर आल्या.

भरल्या तिन्हीसांजेला, घरात बसून, मी असले बोललो! वास्तू ‘तथास्तु’ म्हणत असते, हे आई लहानपणापासून सांगत आली आहे.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला मी दुसरे वाक्य मोठ्याने म्हणतो, ‘वडील कल्याणला आले, तर मी त्यांना आगगाडीने ठाण्याला नेईन.’ मास्तरांना वाटते, पोरगा फार अभ्यासू आहे.

आईला यातले काही सांगू नये. इंग्रजीतले बोलणे आपल्या वास्तूला कळत नसेल, नाही का?

आपला खोकला कसा आहे? गाय व्याली का?

काल घरचे पत्र पोचले. सगळे क्षेम आहे, हे वाचून बरे वाटले. पण दर खेपेस आपण लिहिता आणि हे अक्षर दादाचे होते.

उलट टपाली दोनच ओळी याव्यात, पण आपल्या हातच्या.

आपले बालक,
वासुदेव