स्प्रिंग आमची नव्हती

आई, शेजारच्या मावशींचा कढीपत्ता भिंतीवरून आपल्याकडे झुकलेला असायचा. तू फोडणी टाकत होतीस, मी पटकन एक डहाळी तोडून आणली, आणि तू गॅसच बंद केलास. "विचारलंस का?" "फांदी आपल्या बाजूला आहे ना!" "न दिलेलं घेणार नाही, असं सकाळी बुद्धवंदनेत कोण म्हणालं? जा, विचारून ये." मी रडत गेले. मावशींनी हसून मूठभर दिला. त्या दिवशी वरण उशिरा झालं.

मी आता अमेरिकेत, ॲन आर्बरला राहते. विद्यापीठातला एक पुण्याचा मित्र आणि मी मिळून छोटी कंपनी काढली आहे. आम्ही वॉकर बनवतो, म्हाताऱ्या माणसांनी धरून चालायचा. उतारावर हात सुटला की हँडलमधल्या स्प्रिंगमुळे त्याची चाकं आपोआप अडतात. बर्फ पडायच्या आत तो बाजारात आणायचा होता. विकण्याआधी पेटंटच्या वकीलबाईंकडून आधीच्या पेटंटांचा शोध करून घेतला, तर तशीच स्प्रिंग निघाली ओहायोतल्या एका आजोबांच्या नावावर. पेटंट अजून चालू होतं. मित्र म्हणाला, "यार, आपण एवढेसे. कोण बघतंय?" वकीलबाईंनी नकारार्थी मान हलवली. "माहीत नव्हतं म्हणूनही सुटका नसते, आणि आता तर तुम्हाला माहीत आहे. रचना बदला, परवानगी मागा, नाहीतर मुदत संपेपर्यंत थांबा."

रचना बदलून पाहिली, पण ब्रेक घसरायला लागला. मित्र दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. शेवटी वकीलबाईंना विचारून मीच फोन लावला. आजोबांनी स्वतः उचलला. सगळं ऐकून म्हणाले, "घेऊन या. बघू." आम्ही ड्राइव्ह करून गेलो. त्यांची बायको घरासमोरच्या उतारावर पडली होती, तिच्या वॉकरसाठी त्यांनी ती स्प्रिंग केली होती. ती आता हयात नाही. ही स्प्रिंग वापरा म्हणून मोठ्या कंपन्यांना त्यांनी पत्रं लिहिली, उत्तर कुणाचंच आलं नाही. आमचा वॉकर घेऊन ते त्याच उतारावरून सावकाश खाली गेले, मध्येच दोन्ही हात सोडले. वॉकर थांबला. ते तसेच पाठमोरे उभे राहिले. मग म्हणाले, "तुमची चाकं माझ्या चाकांपेक्षा चांगली आहेत." वकिलांनी लायसन्सचे कागद केले. प्रत्येक वॉकरमागे त्यांचा वाटा ठरला. माझा मित्र आता दर रविवारी त्यांना फोन करतो.

तू आता नाहीस, हे पत्र कुठे पाठवणार? पण एक सांगते, आई. सगळ्यांना मी सांगते की तुझ्या शिकवणीमुळे विचारलं. खरं म्हणजे मी कोर्टकचेरीला घाबरले होते. तू आठवलीस ती नंतर, परत येताना गाडीत.